सायकल एका बाजूला का ओढते : कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची क्रमवार पद्धत

एका बाजूला ओढ घेणारी सायकल पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये फारशी जाणवत नाही, कारण हात नकळत विरुद्ध बाजूला जोर लावत राहतात आणि शरीरही थोडे कलते. पण शेतावर, शाळेत किंवा आठवडी बाजाराला रोज सायकलने जाणाऱ्याचे काही दिवसांनी एकच मनगट किंवा एकच खांदा दुखू लागतो, टायर एका कडेने झिजू लागतो आणि मागून मालमोटार आल्यावर सायकल सरळ धरून ठेवणे अवघड होते. खानदेशात, विशेषतः तापीकाठच्या गावांमध्ये, अजूनही बरेच शेतमजूर, दूधवाले आणि विद्यार्थी सायकलवरच अवलंबून आहेत. त्यांच्यासाठी ही तक्रार किरकोळ नाही.

अशी सायकल दुकानात नेल्यावर अनेकदा पहिला उपाय होतो तो पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा दुपायी भाग, वाकवण्याचा. चिमट्यात नळी घालून जोर लावला की सायकल तात्पुरती सरळ चालते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. मूळ कारण मात्र मागच्या चाकाच्या सैल नटमध्ये किंवा एका कडेने झिजलेल्या टायरमध्ये असले, तर सरळ असलेला चिमटा विनाकारण वाकडा होतो आणि पुढच्या वेळी एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात. म्हणून या लेखातला क्रम एकाच तत्त्वावर बेतलेला आहे. ज्या तपासणीला खर्च नाही आणि जी सहज पूर्ववत करता येते ती आधी करावी, आणि धातू वाकवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच सायकल चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

ओढ सायकलची आहे की रस्त्याची, हे आधी ठरवा

डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता ठेवलेला असतो, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. हा उतार मीटरमागे साधारण २ ते २.५ सेंटीमीटर असतो. आपण डाव्या कडेने चालतो, त्यामुळे निर्दोष सायकलही अशा रस्त्यावर थोडी डावीकडे जाते. त्यात आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरून गेलेल्या रस्त्यांच्या कडा खचतात आणि तिथला उतार मूळ उतारापेक्षा कितीतरी अधिक होतो. म्हणून तपासणी रस्त्यावर करू नये. शाळेचे सिमेंटचे मैदान किंवा बाजार समितीचे सुट्टीच्या दिवशी रिकामे असलेले आवार यासाठी उत्तम. वेळ सकाळची निवडावी. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभारल्या गेल्या त्या तिथल्या वाऱ्यामुळेच. दुपारचा आडवा वारा सुरू झाल्यावर त्या भागात ओढीचा कोणताही निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

जमिनीवर खडूने एक सरळ रेघ ओढावी किंवा सिमेंटचा जोड रेघ म्हणून धरावा. सायकल मध्यम वेगात आणावी, पायडल मारणे थांबवावे आणि हँडल फक्त बोटांच्या टोकांनी सांभाळत रेघेवरून जावे. हात पूर्ण सोडण्याची गरज नाही आणि तसे करूही नये. हँडल कोणत्या बाजूला जाऊ पाहते हे लक्षात घेऊन त्याच रेघेवरून उलट दिशेने परत यावे. जाताना ओढ डावीकडे आणि येताना उजवीकडे असेल, म्हणजे सायकल दोन्ही वेळा जमिनीच्या एकाच कडेला जात असेल, तर दोष उताराचा किंवा वाऱ्याचा आहे. दोन्ही दिशांना ती आपल्या डाव्याच हाताकडे किंवा उजव्याच हाताकडे जात असेल, तरच सायकलची तपासणी पुढे न्यावी.

त्याच वेळी ओढ कधी जाणवते याचीही नोंद घ्यावी. फक्त जोरात पायडल मारताना सायकल तिरकी होत असेल तर संशय मागच्या चाकावर. कमी वेगात हँडल अडखळत असेल आणि सायकल नागमोडी जात असेल तर हँडलच्या छर्‍यांवर. ओझे लादल्यावरच ओढ येत असेल तर ओझ्याच्या मांडणीवर. आणि सायकल सरळ जाते पण हँडल तिरके दिसते, अशी स्थिती असेल तर ती ओढ नव्हेच. पुढचे चाक गुडघ्यांमध्ये घट्ट धरावे, हँडलच्या दांड्यातला मधला उभा बोल्ट दोन-तीन आटे सैल करावा, बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलका ठोका द्यावा, हँडल चाकाशी काटकोनात आणावे आणि बोल्ट पुन्हा कसावा. पाच मिनिटांचे काम आहे.

चालवणारा आणि ओझे

तीच सायकल, तीच रेघ, पण चालवायला दुसरी व्यक्ती बसवून पाहावी. ओढ नाहीशी झाली तर कारण बसण्यात आहे. सीटचे टोक आडव्या नळीच्या बरोबर रेषेत हवे. ते बोटभर जरी वळलेले असले तरी कंबर वळते आणि वजन एका बाजूला पडते. सीट फार उंच असेल तर पाय पोचवण्यासाठी चालवणारा दोन्ही बाजूंना डोलतो, आणि ज्या पायात जोर अधिक त्या बाजूला जास्त. पडझडीत वाकलेले पायडल किंवा क्रँक (पायडल ज्याला जोडलेले असते तो दांडा) हेही याच प्रकारात मोडते. पायडल हाताने फिरवून वरून पाहिले की वाक दिसतो.

ओझ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडची सायकल क्वचितच रिकामी धावते. चोपड्याकडच्या एका गावात दूध घालणाऱ्या एका काकांची सायकल सकाळी निघताना सरळ चाले आणि निम्मे रतीब घालून झाले की डावीकडे ओढू लागे. चिमटा आणि चाके दोन्ही ठीक होती. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅन होता आणि काका आधी उजवा कॅन पूर्ण रिकामा करून मग डाव्याला हात घालत. दोन्ही कॅनमधून आलटून-पालटून माप घेण्यास सुरुवात केल्यावर तक्रार संपली. एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडे अधिक भरते. दहा-बारा लिटरचा फरक मागच्या चाकाच्या एकाच बाजूला लटकत असेल तर कोणतीही सायकल सरळ जाणार नाही. हँडलच्या एकाच मुठीला अडकवलेले दप्तर, भाजीची पिशवी किंवा जेवणाचा डबा यांचा परिणाम वजनाच्या मानाने आणखी जास्त होतो, कारण ते वजन थेट हँडल फिरवते. तपासणीपूर्वी सायकल पूर्ण मोकळी करावी.

टायर

दोन्ही चाकांत टायरच्या बाजूवर छापलेल्या दाबाइतकी हवा भरावी. हवा कमी असली की टायरचा प्रत्येक दोष मोठा होऊन जाणवतो. मग चाक हाताने फिरवून रिमच्या काठालगत टायरवर असलेली बारीक उंचवट्याची रेघ पाहावी. ही रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये बुडाली असेल किंवा वर आली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा काढावी, तेवढा भाग दोन्ही हातांनी दाबून सारखा करावा आणि हवा पुन्हा दोन टप्प्यांत भरावी.

झीज पाहताना टायरकडे समोरून पाहण्यापेक्षा त्यावरून आडवा तळहात फिरवावा. एका कडेला नक्षी हाताला लागते आणि दुसरीकडे गुळगुळीत लागते, असे असेल तर पुढच्या चाकाचा हा टायर सायकल ओढू शकतो. काही टायर नवे असतानाच किंचित एका अंगाचे असतात. दोष टायरचा आहे की नाही याची निर्णायक परीक्षा पुढे चाक उलटवण्याच्या भागात दिली आहे.

चाक फ्रेममध्ये सरळ बसले आहे का

अनुभवाने सांगायचे तर सर्वाधिक सायकलींचा दोष इथेच सापडतो, आणि तो बहुधा पंक्चर काढल्यानंतर घाईत चाक बसवताना निर्माण झालेला असतो.

सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करावी. पुढच्या चाकाजवळ रिमच्या दोन्ही कडा आणि चिमट्याचे दोन्ही पाय यांच्यातले अंतर पट्टीने मोजावे. मागे हेच माप दोन ठिकाणी घ्यावे : पायडलच्या धुरीजवळच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये आणि वर ब्रेकजवळच्या दोन तिरप्या नळ्यांमध्ये. डोळ्यांवर विसंबू नये, कारण मडगार्ड तिरका असेल तर सरळ चाकही वाकडे भासते. दोन्ही बाजूंच्या मापांत एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून अधिक असेल तर दोन्ही नट सैल करून चाक नव्याने बसवावे.

पुढे चिमट्याच्या खाचा खाली उघड्या असतात. सायकल सरळ उभी करून तिचे वजन चाकावर येऊ द्यावे, म्हणजे धुरी (चाकाच्या मधला आस) दोन्ही खाचांच्या तळाला टेकते, आणि मग दोन्ही नट थोडेथोडे, आलटून-पालटून कसावेत. एक बाजू पूर्ण कसून मग दुसरीकडे वळले तर धुरी तिरकी अडकण्याचा संभव असतो. मागच्या धुरीवर मात्र गर्दी असते. मडगार्डची तार, कॅरिअरचे पाय आणि स्टँड हे सगळे एकाच नटाखाली येतात. क्रम असा हवा : आतून कोन (धुरीवर फिरणारा, छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा भाग) आणि त्याचा नट, मग फ्रेमची खाच, तिच्या बाहेर तार, कॅरिअर, स्टँड, वॉशर आणि शेवटी नट. यातले काहीही एका बाजूला फ्रेमच्या आत आणि दुसरीकडे बाहेर बसले असेल तर चाक मध्यावर येणारच नाही.

मागच्या खाचा लांबट असतात आणि त्यात चाक पुढे-मागे सरकते. चेन उजव्या बाजूला असल्यामुळे उजवा नट सैल राहिला की पायडलच्या जोराने धुरीची उजवी बाजू पुढे ओढली जाते आणि चाकाचा पुढचा भाग डाव्या नळीकडे वळतो. अनेकदा टायर तिथे घासून नळीचा रंगही उडालेला दिसतो. चाक मागे ओढून चेनला मध्यभागी साधारण एक ते दीड सेंटीमीटर खालीवर होण्याइतकी ढील ठेवावी, उजवा नट हलका कसावा, मग पायडलच्या धुरीजवळच्या नळ्यांमध्ये अंगठ्याने रिम मध्यावर धरून डावा नट कसावा आणि शेवटी दोन्ही नट पूर्ण आवळावेत. खाचेच्या आतल्या पृष्ठभागावर ग्रीस किंवा वाळलेला चिखल असेल तर तो आधी पुसावा, नाहीतर नट कितीही आवळला तरी धुरी घसरते.

याच वेळी रिम हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावी. खटखट जाणवली तर कोन सैल आहेत किंवा छर्रे झिजले आहेत. कोन इतकेच आवळावेत की खटखट जावी आणि चाक तरीही स्वतःच्या व्हॉल्व्हच्या वजनाने सावकाश फिरून थांबावे. छर्रे बदलायचे असतील तर जुना छर्रा नमुना म्हणून दुकानात न्यावा; पुढच्या चाकात बहुधा ३/१६ इंची आणि मागच्यात १/४ इंची छर्रे असतात.

चाक उलटवण्याची परीक्षा

चाक नीट बसवूनही ओढ राहिली तर पुढचे चाक काढावे आणि डावी बाजू उजवीकडे येईल असे उलटे बसवावे. साध्या रिम ब्रेकच्या सायकलीत हे बिनधोक करता येते. डिस्क ब्रेक असेल तर मात्र करता येत नाही. उलटे बसवल्यावर पट्टीने मापे पुन्हा घ्यावीत आणि त्याच रेघेवरून सायकल चालवावी. आता चार शक्यता राहतात, आणि हीच या सगळ्या शोधातली सर्वांत मोलाची माहिती आहे.

आधी रिम डावीकडे होती आणि आता उजवीकडे गेली, तर रिम हबच्या, म्हणजे स्पोक जिथून निघतात त्या चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यावर नाही. रिम दोन्ही वेळा मध्यावर आहे पण ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरचा. खात्रीसाठी चाक पूर्वीसारखे बसवून फक्त टायर रिमवर उलटा चढवावा. ओढ पुन्हा बदलली की टायर बदलण्याचा निर्णय निःशंकपणे घेता येतो. रिम दोन्ही वेळा एकाच पायाकडे झुकलेली राहिली, तर चिमटा वाकलेला आहे किंवा त्याच्या दोन खाचा समान उंचीवर नाहीत. आणि रिम मध्यावर आहे, ओढही पूर्वीच्याच बाजूला आहे, तर पुढचे चाक निर्दोष समजून हँडलचे छर्रे, मागचे चाक आणि फ्रेम यांच्याकडे वळावे.

मागचे चाक उलटे बसवून सायकल चालवता येत नाही, पण चेन बाजूला ठेवून ते खाचांत उलटे ठेवता येते आणि मापे घेता येतात. फरक चाकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर चाकाचा दोष, त्याच बाजूला राहिला तर फ्रेमचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे गरजेचे आहे. चाकाचा आउट काढणे आणि रिम मध्यावर आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. चाक फिरवताना रिम कुठेही डुलत नाही, ब्रेकच्या रबरापासूनचे अंतर पूर्ण फेरीत तेवढेच राहते, तरीही सगळी रिम एका अंगाला सरकलेली असू शकते. कारागीर चाक फिरवून पाहतो, डुलत नाही म्हणून पास करतो, आणि दोष तसाच राहतो. रिम उजवीकडे सरकवायची असेल तर हबच्या उजव्या कडेला जाणारे सगळे स्पोक कसावे लागतात आणि डावीकडचे तेवढेच सैल करावे लागतात. व्हॉल्व्हपासून सुरुवात करावी. आधी सैल करायच्या बाजूचे सगळे निपल (रिमजवळचे, स्पोक कसण्याचे छोटे नट) पाव आटा सैल, मग दुसऱ्या बाजूचे पाव आटा घट्ट, अशी फेरी पूर्ण झाल्यावर माप घ्यावे आणि लागल्यास दुसरी फेरी करावी. आपल्याकडच्या पारंपरिक २८ इंची सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, तेव्हा मधेच एखादा स्पोक सुटू नये म्हणून पूर्ण झालेल्या स्पोकवर खडूची खूण करणे चांगले. निपल गंजून अडकला असेल तर जोर लावण्यापूर्वी तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवावा.

हँडलचे कप आणि छर्रे

आडव्या नळीला धरून सायकलचे पुढचे चाक अधांतरी उचलावे आणि फ्रेम किंचित पुढे झुकवावी. हँडलला बोटाने हलका स्पर्श करताच ते डावीकडेही आणि उजवीकडेही स्वतःच्या वजनाने सहज पडले पाहिजे. मध्यावर ते एखाद्या खाचेत बसल्यासारखे थांबत असेल, तर छर्‍यांनी कपांमध्ये, म्हणजे ते ज्या वाट्यांत फिरतात त्यांत, खड्डे पाडले आहेत. अशी सायकल चालवताना तोल सांभाळण्यासाठी लागणाऱ्या अगदी छोट्या हालचाली अडतात. खाच मध्यापासून जराशी बाजूला असेल तर सायकल सतत त्याच बाजूला जाऊ पाहते. ग्रीस भरून हा दोष जात नाही. कप, कोन आणि छर्रे एकत्रच बदलावे लागतात.

खड्डे नसतील पण हँडल जड फिरत असेल, तर वरचा नट जास्त आवळला गेला असेल किंवा आत माती गेली असेल. खरिपाच्या दिवसांत शेतरस्त्यावरची चिकट काळी माती पुढच्या चाकाने उडून थेट खालच्या कपात जाते आणि उन्हात वाळून घट्ट होते. पावसाळा संपल्यावर खालचा कप उघडून रॉकेल किंवा डिझेलने धुऊन नवे ग्रीस भरणे हे या भागात नेहमीच्या देखभालीतच धरले पाहिजे. ब्रेकची किंवा गिअरची आखूड, ताठ केबलही हँडल एका बाजूला ढकलते. शंका असल्यास केबल सोडवून परीक्षा पुन्हा करावी.

फ्रेम आणि चिमटा

फ्रेम पाहण्यासाठी एक मजबूत दोरा पुरतो. मागच्या डाव्या खाचेला दोरा बांधावा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घालावा आणि मागे आणून उजव्या खाचेला तितक्याच उंचीवर ताणून बांधावा. आता सीटखालच्या नळीपासून दोऱ्याचे दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. एका बाजूला ३१ आणि दुसरीकडे २५ मिलिमीटर आले, तर सीटखालच्या नळीपाशी दोऱ्यांचा मध्य फरकाच्या निम्मे, म्हणजे ३ मिलिमीटर, सरकलेला आहे, म्हणजे मागचा भाग मध्यावर नाही. फरक एक-दोन मिलिमीटरचा असेल तर फ्रेमला हात लावू नये.

दुसरी खूण जमिनीवर उमटते. शेताच्या वाटेवर फुफाटा असतो, त्यातून सायकल सरळ, हँडल न वळवता न्यावी आणि मागे वळून पाहावे. मागच्या चाकाने पुढच्या चाकाचा माग बरोबर पुसलेला असेल तर दोन्ही चाके एका रेषेत आहेत. सरळ पट्ट्यातही दोन माग शेजारी-शेजारी, सारख्या अंतराने चाललेले दिसले, तर चाक किंवा फ्रेम तिरकी आहे.

चिमटा तपासताना सायकलच्या बाजूला उभे राहून हँडलखालच्या नळीची रेषा डोळ्यांनी खाली वाढवावी. चिमट्याचे पाय वरच्या भागात त्या रेषेत असावेत आणि खाली टोकाशी पुढे वळलेले असावेत. ते मागे दबलेले दिसत असतील, किंवा एक पाय दुसऱ्याच्या मागे असेल, तर समोरून धडक बसलेली आहे. अशा वेळी फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर, हँडलच्या नळीच्या जोडाजवळ, खालच्या बाजूने बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुती किंवा धातूला फुगवटा लागला तर फ्रेमही दबली आहे आणि ती सायकल वापरणे थांबवावे.

साध्या पोलादी चिमट्याचा थोडा वाक जाणकार कारागीर मापे घेऊन एकदा काढू शकतो. अ‍ॅल्युमिनियमचा, कार्बनचा किंवा शॉकअपचा चिमटा वाकवून सरळ करू देऊ नये. तो आतून तडकतो आणि पुढे अचानक तुटतो. पोलादी चिमट्यालाही जोडाजवळ भेग किंवा सुरकुती असेल तर तो बदलणे हाच मार्ग आहे. नवा घेताना जुना बरोबर न्यावा, कारण चाकाचा आकार, वरच्या नळीची लांबी, तिचे आटे आणि रॉड ब्रेक की केबल ब्रेक या चारही गोष्टी जुळाव्या लागतात.

दुरुस्ती कोणतीही असो, तीच रेघ, तीच सकाळची वेळ आणि टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून परीक्षा पुन्हा करावी; आधी मोकळ्या सायकलीने, मग नेहमीचे ओझे लादून. चाक काढले असेल तर चार-सहा दिवसांच्या वापरानंतर दोन्ही चाकांचे नट एकदा पाना लावून पाहावेत.